वंशवृक्षाआधी तक्ता : घराण्याचा शोध घेताना स्प्रेडशीट, फोन आणि सरकारी संकेतस्थळे कशी वापरावीत?

कऱ्हाकाठ

नमस्कार. गेली चार वर्षे मी आमच्या घराण्याची माहिती जमवीत आहे आणि त्यांतली पहिली दोन वाया गेली, हे आधीच सांगून टाकतो. मी सुरुवात थेट वंशवृक्षापासून केली होती. वंशावळी तयार करून देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर पैसे भरून खाते उघडले, काकांनी हाताने काढलेल्या तक्त्यावरून ११२ नावे भरली आणि ‘ही दोन माणसे एकच असावीत’ असे त्या संकेतस्थळाने सुचविले की मी खुशाल होकाराचे बटण दाबत गेलो. आमच्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे. गणपत सखारामचा मुलगा सखाराम गणपत आणि त्याचा मुलगा पुन्हा गणपत सखाराम, असे एका पिढीआड तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि तेच आडनाव येत राहते. पाच पिढ्यांत असे तीन गणपत सखाराम आहेत. संकेतस्थळाने त्यांतल्या दोघांना एक केले आणि आमचे एक पूर्वज स्वतःचेच नातू होऊन बसले.

नंतर मी तो वृक्ष तसाच सोडून साधी स्प्रेडशीट उघडली. एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे, तर कोणत्या तरी कागदावरचा एक उल्लेख, एवढाच नियम ठरवला. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, गणपतचे नाव दिसले की एक ओळ, शाळेच्या जनरल रजिस्टरात दिसले की दुसरी ओळ, आत्याने फोनवर काही सांगितले की तिसरी ओळ. रकाने असे आहेत : नोंदीचा अनुक्रमांक, कागदाचा प्रकार, गाव, पान किंवा नोंद क्रमांक, कागदावर जसे लिहिले आहे तसे नाव, जशी लिहिली आहे तशी तारीख, मी बदलून घेतलेले इसवी साल, त्या नोंदीत दिसणारे नाते आणि शेवटी ‘हा माणूस मला कोण वाटतो’. हा शेवटचा रकाना कधीही बदलता येतो, आधीचे रकाने मात्र एकदा भरले की त्यांना हात लावायचा नाही. तिन्ही गणपत वेगळे झाले ते या पद्धतीमुळेच.

एक उदाहरण देतो. १९३४ सालच्या एका वारस नोंदीच्या फेरफारात ‘गणपत सखाराम, अ.पा.क. आई’ असे लिहिलेले आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. याचा अर्थ १९३४ साली हा गणपत १८ वर्षांच्या आतला होता, म्हणजे तो १९१६ नंतर जन्मलेला असणार, त्याचे वडील तोवर वारले होते आणि त्याची आई हयात होती. तीन अक्षरांच्या एका संक्षेपातून चार गोष्टी कळल्या. हा फेरफार मला घरबसल्या मिळाला. भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने फेरफार, जुने सातबारा, क-ड-ई पत्रके वगैरे कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत. तेथे सर्वच जिल्हे नाहीत, पण ज्यांचे आहेत त्यांनी आधी तेथे डोकवावे आणि मगच तालुक्याच्या गावी खेप घालावी.

दोन अडचणी येतात. आजच्या सातबारावर गट क्रमांक असतो आणि जुन्या कागदांवर सर्व्हे क्रमांक. १९४७च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा हे क्रमांक बदलले. त्यामुळे एकत्रीकरणाचे पत्रक हाताशी नसेल तर माणूस भलत्याच्या शेतात पूर्वज शोधत बसतो. दुसरी अडचण एक्सेलची आहे. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. तिला तो तारीख न समजता मजकूर समजतो, त्यामुळे १८८७ ची नोंद १९३४ च्या खाली जाऊन बसते. लिब्रेऑफिसला जुन्या तारखा चालतात. मी मात्र दोन्हीकडे सारखे चालावे म्हणून आधी साल, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने तारीख मजकूर म्हणूनच लिहितो. मजकूर असला तरी तो क्रमाने बरोबर लागतो.

इतरांनी काय केले आहे, ते वाचायला आवडेल.

मिरगाचापाऊस

लेख आवडला. ‘बदलून घेतलेले इसवी साल’ हा रकाना मात्र दिसतो तितका सोपा नाही. मी स्वतः त्यात वारंवार आपटलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असे आपण शाळेत शिकतो, पण हे फक्त चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत खरे असते. जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य ३ शके १५५१ आहे. नुसते ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे साल १६३० आहे. याच तिथीवर तुमचे तारीख बदलण्याचे साधनही तपासून पाहा. ते १९ फेब्रुवारी १६३० दाखवत असेल तर जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजते आहे आणि १ मार्च दाखवत असेल तर आजच्या ग्रेगोरियनने. दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत, पण आपण कोणते धरले ते रकान्यात लिहिलेच पाहिजे. इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली स्वीकारले, पोर्तुगिजांनी १५८२ साली. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला एकच प्रसंग गोव्याच्या कागदात एका तारखेला आणि मुंबईच्या इंग्रजी कागदात ११ दिवस आधीच्या तारखेला सापडतो.

मराठ्यांच्या मोडी कागदांत बहुधा सुहूर सन असतो आणि तोही अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७८. त्यात ५९९ मिळवले की १७७७ येते आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालते, म्हणजे १७७७-७८. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० मिळवावे लागतात. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. मी या शब्दांचा एक छोटा तक्ता स्प्रेडशीटच्या दुसऱ्या पानावर करून ठेवला आहे आणि पहिल्या पानावरचे सूत्र तेथून आकडे उचलते.

सर्वांत उपयोगी सूत्र संवत्सराचे, म्हणजे पंचांगातल्या वर्षाच्या नावाचे, आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि बाकी पाहा. बाकी १ उरली तर प्रभव, २ उरली तर विभव, असे पुढे ६० नावांपर्यंत, आणि बाकी शून्य आली तर साठावा क्षय. राज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या. १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८ येते आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, जो राज्याभिषेकाच्या वेळी होताच. आमच्या एका दानपत्रात शकाचा तिसरा अंक कसरीने खाल्ला होता आणि तो १७१९ की १७९९ हे कळत नव्हते. १७९७ साल की १८७७, म्हणजे तीन पिढ्यांचा फरक. पुढे ‘ईश्वरनाम संवत्सरे’ असे स्पष्ट होते. १७१९ ला पिंगल येतो, १७९९ ला ईश्वर. प्रश्न मिटला. दोन वाचनांत बरोबर ६० वर्षांचे अंतर असेल तर मात्र हे सूत्र काही बोलणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक खोच तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत. खाते विनामूल्य मिळते. त्या वह्यांत विक्रम संवत असतो, शिवाय उत्तरेकडचे महिने पौर्णिमेला संपतात. आपला माघ वद्य पक्ष तो त्यांचा फाल्गुन वद्य. आपल्या महाशिवरात्रीची तिथी त्यांच्या पंचांगात फाल्गुनात असते ती यामुळेच. शुद्ध पक्षात हा घोळ नसतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आपलाच शक सापडतो, पण तेथे स्वतः जावे लागते आणि आडनावापेक्षा मूळ गाव सांगितले की वही लवकर निघते.

उंबरठा

माफ करा, पण वरच्या दोन्ही प्रतिसादांत ज्यांच्याकडे जमीन होती, दानपत्रे होती, त्यांच्याच घरांचा विचार झाला आहे. आमच्या घरात सातबारा आजोबांच्या नावाने १९६० नंतर लागला. त्याआधी आम्ही भूमिहीन. कुलवृत्तांत तर आमच्याकडच्या कुणी पाहिलेलाही नाही. ‘आपले अभिलेख’वर आम्ही काय शोधायचे?

कऱ्हाकाठ

@उंबरठा, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी सुरुवातीलाच विचारात घ्यायला हवा होता.

जमिनीच्या कागदांबाहेर सर्व जातींच्या सर्व घरांना लागू पडणारा कागद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात कोतवालाने लिहून ठेवलेले असतात. अनेक ठिकाणी त्यात बापाचे नाव आणि जात येते, मृत्यूच्या नोंदीत आजारही येतो. पूर्वी हे पाहण्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयांनी असे बरेच कागद स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकले. शोध एका नोंदीचा होता, पण पान स्कॅन झाले की त्यावरची शेजारची घरेही आपोआप आली. मला माझ्या एका चुलत पणजीच्या मृत्यूची नोंद अशाच दुसऱ्याच कुणाच्या पानावर सापडली.

शाळेचे जनरल रजिस्टर दुसरे. त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नका. १ जून ही तारीख दिसली की गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने मनाने लिहिली, असेच समजावे. आमच्या गावात एका इयत्तेतली जवळजवळ निम्मी मुले १ जूनला जन्मलेली आहेत. मात्र शाळेत नाव घालणाऱ्या पालकाचे नाव आणि आधीच्या शाळेचे गाव यांना मोल आहे. स्थलांतराचा माग त्यातूनच लागतो.

भीमाकाठी

@उंबरठा, आपले गाव सोलापूर, सांगली किंवा कोल्हापूरकडचे असेल तर हेळवी येतात का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. हेळवी बैलावर पोथ्या लादून सुगीच्या दिवसांत ठरलेल्या घरी येतात, त्या घराची वंशावळ वाचून दाखवतात, नव्याने झालेली मुले लिहून घेतात आणि धान्य किंवा दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला जातात. आमच्याकडे यायचे ते आता मोटारसायकलवर येतात, पण पोथी तीच आहे. गेल्या वर्षी त्यांची परवानगी घेऊन मी वाचन फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि पानांचे फोटो घेतले. त्यांना ठरलेल्या दक्षिणेच्या वर वेगळे पैसे दिले, कारण ती पोथी हेच त्यांचे पोट आहे. तिचे फोटो मी कुठेही टाकणार नाही, असा शब्दही दिला आहे.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक सांगतो. मुद्रण सुरू करताच आपण स्वतः तारीख, गाव आणि समोरच्या माणसाचे नाव मोठ्याने बोलावे. फाइलचे नाव नंतर कुणीही बदलते, आवाजात गेलेली तारीख बदलत नाही. आणि जेवण झाल्यावर बसू नये, म्हातारी माणसे पेंगतात.

शाईचाडाग

तांत्रिक बाजूवर थोडे.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. जुन्या कागदाचा फोटो नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तरच अक्षर मोठे करून वाचता येते. आमच्या कुटुंबाच्या गटात हे समजावायला मला सहा महिने लागले. अजूनही एक मामा फोनचाच फोटो दुसऱ्या फोनने काढून पाठवतात.

छापील मराठी मजकूर वाचून घ्यायचा असेल तर पान गुगल ड्राइव्हवर चढवावे आणि ते गुगल डॉक्समध्ये उघडावे. चित्राखाली टंकलेला मजकूर येतो. देवनागरीत हे काम बऱ्यापैकी होते. जोडाक्षरे आणि अंक मात्र स्वतः तपासावेत, कारण १ आणि ९ यांची अदलाबदल सर्रास होते आणि आपल्या विषयात तेवढ्यानेच घात होतो. खूप पाने असतील तर टेसरॅक्ट हे विनामूल्य साधन आहे, त्याला मराठी येते. जुने कुलवृत्तांत आणि ज्ञातीची मासिके इंटरनेट अर्काइव्हवर पुष्कळ आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत कशीही लिहिलेली असतात. ‘वृत्तांत’ हा एकच शब्द चार-पाच प्रकारच्या स्पेलिंगने शोधावा लागतो.

१९९० ते २००५ च्या दरम्यान संगणकावर टंकलेली वंशावळ कुणाच्या घरी असेल तर तिच्याकडे आधी लक्ष द्या. ती श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असते. आजच्या संगणकावर उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि लोक ती फाइल बिघडली म्हणून पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके महाजालावर विनामूल्य मिळतात. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर प्रयोग करावा.

हाताने लिहिलेल्या मोडीला मात्र यांतले काही चालत नाही. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, नोटो सान्स मोडी हा फॉन्टही आहे. पण त्यामुळे आपल्याला मोडी टंकता येते, वाचता येत नाही. मोडीत लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मोडी स्वतः शिकणे हाच मार्ग आहे. नावे, गावे, नाती आणि तारखा एवढ्यापुरती ती दोन-तीन महिन्यांत येते, हे मी अनुभवाने सांगतो.

सागरगोटा

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे सासरचा आणि माहेरचा असे दोन्ही छापील वृक्ष आहेत आणि दोन्हींत बायका फक्त ‘पत्नी सौ. लक्ष्मीबाई’ अशा आहेत. सासरी चार लक्ष्मीबाई आहेत, कारण लग्नात नाव बदलण्याची पद्धत होती आणि घरात येणाऱ्या सुनांना तीच ती नावे मिळत. या बायकांचे माहेर, त्यांची जन्मनावे शोधायची कशी? दुसरे असे की आमच्यात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. संगणकावर वृक्ष काढायला घेतला की एकच बाई दोन फांद्यांवर येते आणि कार्यक्रम तिच्या दोन बायका करून टाकतो.

मिरगाचापाऊस

@सागरगोटा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ग्रॅम्प्स हा विनामूल्य कार्यक्रम वापरून पाहा. तो माणूस एकदाच नोंदवतो आणि नाती त्याला जोडतो, त्यामुळे आत्ते-मामे भावंडांचे लग्न, दुसरेपणाची बायको आणि दत्तक हे तिन्ही प्रकार त्याला झेपतात. एकाच व्यक्तीला अनेक नावेही देता येतात : एक जन्माचे, एक लग्नानंतरचे आणि एक घरात हाक मारण्याचे. ‘तात्या’ आणि ‘नाना’ यांच्यापलीकडे ज्यांचे खरे नावच कुणाला आठवत नाही, अशा पुरुषांचीही त्यामुळे सोय होते. फाइल दुसऱ्याला देताना जेडकॉम या वंशावळींच्या सामाईक स्वरूपात द्यावी आणि अक्षरांसाठी युटीएफ-८ निवडावे, नाहीतर पलीकडे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

भीमाकाठी

@सागरगोटा, माहेरासाठी आहेराच्या वह्या शोधा. लग्नमुंजीत कुणी काय आहेर केला ते प्रत्येक घरात लिहून ठेवत, कारण उलट आहेर करायचा असे. त्यात मामाचा आहेर, वरमायेच्या माहेरचा आहेर असा वेगळा मथळा असतो आणि देणाऱ्याचे नाव गावासकट असते. १९५६ पूर्वीच्या वारस नोंदींत मुली जवळजवळ दिसतच नाहीत, पण आहेराच्या वहीत आत्या, मावशी आणि लेकी सगळ्या आपापल्या सासरच्या आडनावासह हजर असतात.

आणि भांडी पाहा. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत होती. माळ्यावरच्या एखाद्या घंगाळावर देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, गाव आणि तिथी एवढे सगळे मिळते. अक्षर झिजलेले असेल तर भांडे घासू नका. अंधार करून फोनची बॅटरी (टॉर्च) भांड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि दुसऱ्या फोनने फोटो घ्या. ठोकलेल्या टिंबांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे उठून दिसतात.

चौथाकोट

आमच्या गावच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे : १९१४-१९१९ च्या महायुद्धास या गावातून इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नाहीत, नुसते आकडे. अशा पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे खूप गावांत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात पडले.

ही नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर सापडतात आणि शोध विनामूल्य आहे. मराठा पलटणींतली कोकणातली आणि घाटावरची बरीच माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. त्यांतल्या १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी तर डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. थडगे माहीत नसलेल्यांची स्मृती बसरा येथील स्मारकाच्या नावाखाली नोंदलेली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमके गाव, अमका तालुका, रत्नागिरी, मुंबई इलाखा’ असा पूर्ण पत्ता दिलेला असतो. आडनाव बहुधा नसते, त्यामुळे आडनावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो. अधिक माहितीच्या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव टाकून शोधावे. गावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे केलेले असते. मी आमच्या गावाची सात स्पेलिंगे करून पाहिली, पाचव्याने तीन माणसे दिली. त्यांतला एक माझ्या आजीचा चुलता. ‘तो बसऱ्याला गेला’ एवढेच ती सांगायची आणि आम्हाला लहानपणी बसरा म्हणजे मोत्यांचे गाव वाटायचे.

मोकावासी

मी मॉरिशसहून लिहीत आहे. येथील मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया मजूर म्हणून आले. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिलेला असे आणि नोंदीत वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण आणि मूळ गाव लिहिलेले असे. आमची अडचण आपल्या अगदी उलट आहे. माणूस कागदावर पक्का आहे, पण त्याचे गाव कोठे आहे ते कळत नाही. माझ्या पूर्वजाच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी आहे आणि गावाचे नाव ज्या प्रकारे लिहिले आहे त्यावरून कोकणातली निदान तीन गावे संभवतात. चौथाकोट यांनी सांगितलेली युक्ती मी उलट्या बाजूने वापरून पाहीन. जनगणनेच्या गावांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये घेतल्या तर रोमन अक्षरांत सारखी दिसणारी गावे चाळून काढता येतील.

कऱ्हाकाठ

@मोकावासी, जरूर पाहा. मात्र १९६० नंतर जिल्ह्यांच्या हद्दी बदललेल्या आहेत. आजचा सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या घ्या.

शाईचाडाग

एक सावधगिरीची सूचना, कारण यावर अजून कुणी बोललेले नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचे माहेरचे आडनाव आणि सातबारा कुठल्याही उघड्या वृक्षावर टाकू नयेत. बँका ओळख पटवण्यासाठी हेच प्रश्न विचारतात. शिवाय जुने फेरफार काढायला लागलो की भाऊबंदांच्या पोटात गोळा येतो. माझ्या एका चुलतभावाने वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले होते, कारण मी हिस्सा मागण्याच्या तयारीत आहे असे त्याला वाटले. आता मी कागद काढण्याआधी घरी जाऊन सांगतो आणि मिळालेली पहिली प्रत त्यांनाच देतो.

कऱ्हाकाठ

@शाईचाडाग, पटले. मी तक्त्याची एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर बहिणीकडे आणि एक गुगल ड्राइव्हवर ठेवतो. बहिणीकडच्या प्रतीतून हयात माणसांच्या ओळी गाळलेल्या असतात.

भीमाकाठी यांनी भांड्यांचे सांगितले, म्हणून मी दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर घरातली सगळी भांडी उतरवली. आमच्या घरात काही निघाले नाही. मग आहेराची १९३९ सालची एक वही मिळाली, तिच्यात ‘आतेकडील आहेर’ या मथळ्याखाली एका घराचे आडनाव आणि गाव होते, जे काकांच्या तक्त्यात कुठेच नाही. ते गाव आमच्यापासून २२ किलोमीटरवर आहे. तेथे त्याच आडनावाचे एक घर अजून नांदते. घरातल्या आजींनी चहा दिला, आमचे नाव ऐकून ‘अगंबाई, म्हणजे तुम्ही माहेरचे’ म्हणाल्या आणि देवघरातली घागर बाहेर आणली. फोनची बॅटरी आडवी धरली तेव्हा अक्षरे अशी दिसली : ‘गणपत सखाराम याणी कन्या यमुना हीस दिल्ही, वै. शु. ३ शके १८१४ नंदन’.

मिरगाचापाऊस यांचे सूत्र तेथेच ओसरीवर बसून लावले. १८२६ भागिले ६०, बाकी २६, सव्विसावा नंदन. तिथी वैशाखातली, म्हणून ७८ मिळवून साल १८९२. १८९२ साली लग्नाची मुलगी असलेला हा गणपत १९३४ च्या अज्ञान गणपतहून वेगळा आहे, हे तर उघडच आहे. मधल्या गणपतचा जन्म मी आजवर १८७५ च्या सुमारास धरत होतो आणि तो हा असू शकत नाही. तेव्हा हा सर्वांत थोरला गणपत असावा, किंवा मधल्याचे साल मी चुकीचे धरले असावे. नोंद क्रमांक ४१३ मी भरली आहे. कागदाच्या प्रकारात ‘घागर’ लिहिले आहे, नात्यात ‘कन्या यमुना’, आणि शेवटच्या रकान्यात तूर्त प्रश्नचिन्ह आहे.